आढळ : धार, देवास

"तुम्हीच वाचा," असं म्हणून दफ्तरदार गोपाळरावांनी पत्र बळवंतरावांच्या पुढे सरकवलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले.

पत्र विलायतेचं होतं. तिथल्या एका मोठ्या संग्रहालयात किड्यापाखरांची वर्गवारी करणाऱ्या विद्वानानं ते लिहिलं होतं. बळवंतराव उभ्यानंच वाचू लागले. इंग्रजी त्यांना धड बोलता येत नसे, पण वाचता आणि नकलता चांगलं येई. पहिल्या पानावर दरबारचे आभार होते. दुसऱ्या पानाच्या मध्यावर ते थांबले, चार ओळी मागे गेले आणि पुन्हा तिथवर आले.

कैलासवासी डॉक्टरसाहेबांच्या संग्रहात करड्या रंगाचे तीन लहान पतंग आहेत, असं त्यात होतं. त्यांच्या टाचण्यांवर 'मांडवगड, संस्थान धार' अशा चिठ्ठ्या आहेत. परंतु हा पतंग आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा. तिथल्या गोरखचिंचेच्या फळांत त्याची अळी वाढते. हिंदुस्थानात तो आजवर कुणाला सापडलेला नाही. डॉक्टरसाहेब माळव्यात येण्यापूर्वी झांजिबारला होते आणि त्यांच्या तिकडच्या पेट्याही याच संग्रहात आहेत. तेव्हा चिठ्ठ्या लिहिणाऱ्या देशी कारकुनाच्या हातून अदलाबदल झाली असावी. सबब या पतंगाच्या आढळातून 'धार' हे नाव काढून टाकण्यात येत आहे.

देशी कारकून म्हणजे बळवंतराव.

"मोठी माणसं आहेत ती," गोपाळराव म्हणाले. "त्यांनी कारकून म्हटलंय, नाव नाही घेतलं. एवढं तरी बरं."

"माझ्या हातून अदलाबदल झालेली नाही," बळवंतराव म्हणाले.

गोपाळरावांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की उगीच, ते कळलं नाही.

बळवंतराव तेव्हा पंचेचाळिशीचे होते. सत्तावीस वर्षं ते दफ्तरात सनदांच्या नकला करत होते. जुन्या सनदा जीर्ण झालेल्या असत, कुठे वाळवीनं अक्षर खाल्लेलं असे. अशा जागी बळवंतराव अंदाजानं काही भरत नसत. जागा कोरी सोडत आणि बाजूला 'मुळात अक्षर नाही' असं लिहीत. नकल त्यांच्या हातची असली तर ताडून बघायची गरज नाही, असं दफ्तरात सगळे म्हणत. याशिवाय त्यांच्याविषयी सांगण्यासारखं फारसं कुणाजवळ नव्हतं.

सरदारपूरच्या छावणीतल्या डॉक्टरसाहेबांना बारीक, स्वच्छ अक्षराचा माणूस हवा होता म्हणून दरबारनं त्यांना पाठवलं. पुढे सहा वर्षं, दर हिवाळ्यात महिना-दीड महिना, ते साहेबांकडे जात राहिले. तांदळाच्या दोन दाण्यांएवढ्या कागदावर गाव, तारीख आणि झाडाचं नाव लिहायचं आणि पतंगाच्या टाचणीत ओवायचं, हे त्यांचं काम. चिठ्ठी नसलेला किडा कितीही सुरेख असला तरी साहेब तो फेकून देत. तो कुठला ते माहीत नसेल तर तो कुणाच्याच कामाचा नाही, असं ते म्हणत. बळवंतरावांना हे फार पटलं. सनदेचंही तसंच होतं.

आणि ते तीन पतंग तर त्यांना चांगले आठवत होते. मांडवगडच्या वेशीपाशी एक भिलीण गोरखचिंचेची फळं विकायला बसली होती. मखमलीसारखी लव असलेली, दुधीच्या आकाराची. सरबतासाठी म्हणून बळवंतरावांनीच चार घेतली. त्यातलं एक साहेबांच्या फळीवर पडून राहिलं, आणि माघात एका सकाळी त्याला भोक पडलेलं दिसलं. खिडकीच्या काचेवर तीन करडे पतंग बसले होते. नखाएवढे, पंखावर गुळाच्या रंगाची एक तिरपी रेघ. साहेब बाहेर गेले होते. ते पतंग बळवंतरावांनी स्वतः पकडले, स्वतः टाचले, आणि शाई वाळायच्या आत चिठ्ठ्या ओवल्या. पुढे साहेब आजारी पडून विलायतेला गेले आणि सहा महिन्यांत वारले. आता ही हकीगत सांगायला बळवंतरावांशिवाय कुणी उरलं नव्हतं.

गोष्ट दफ्तरातच राहिली असती. पण त्याच पावसाळ्यात एका जहागिरीच्या वादात बळवंतरावांची नकल पुढे आली, आणि विरुद्ध बाजूच्या वकिलाला कुठून तरी पत्राची कुणकुण लागली होती. ज्याच्या चिठ्ठ्या विलायतेत खोट्या ठरल्या त्याच्या नकलेवर किती विसंबायचं, एवढंच तो म्हणाला. निकाल नकलेच्या बाजूनंच लागला. पण दुसऱ्या दिवशी गोपाळरावांनी बळवंतरावांना सनदांच्या खोलीतून काढून आवक-जावकच्या मेजावर बसवलं. रागावून नाही. थोडे दिवस राहू द्या, असं म्हणाले. थोड्या दिवसांचं एक वर्ष झालं.

घरी बायको रुक्मिणी आणि एकुलती लेक बकुळा. बकुळाचं लग्न नुकतंच देवासला झालं होतं. जावई प्रतापराव तिथल्या शाळेत मास्तर होते. बकुळा लहानपणी बापाच्या मेजाशेजारी बसून त्यांच्या टाकानं रेघा ओढायची आणि अक्षर शिकली ती चिठ्ठ्या लिहूनच. हळदीच्या डब्यावर चिठ्ठी, लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी, त्यावर तिथी. माई, म्हणजे रुक्मिणी, हसायची. म्हणायची, सासरी सासूच्या पाठीवर चिठ्ठी लावू नकोस म्हणजे झालं.

दिवाळीला ती आली तेव्हा बापाचं मेज बदललेलं तिला माईकडून कळलं. निघताना तिनं त्या पतंगाविषयी सगळं विचारून घेतलं: अळी कसली असते, फळ केव्हा धरतं, कोश कुठे होतो.

बळवंतराव दोन हिवाळे मांडवगडला गेले. रजा घेऊन, टोपल्या भरभरून फळं आणली, मलमलीत बांधून ठेवली. फळं सुकून खडखडीत झाली, पण आतून काही निघालं नाही. दुसऱ्या वर्षी रुक्मिणी म्हणाली, पुरे करा आता. त्यांनाही ते पटत होतं. सकाळी दफ्तरात शिरताना सनदांच्या खोलीवरून जावं लागे. तेवढी चार पावलं ते भराभर चालत.

तिसऱ्या वर्षी पौषात बकुळाचं पत्र आलं. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, आणि मग एकदम मुद्द्यावर. आमच्या परसामागे गोसाव्याचा जुना मठ आहे. त्याच्या आवारात मांडवगडसारखं एक झाड आहे, खोड चार माणसांच्या कवेत येणार नाही एवढं. गोरखनाथाचं म्हणून त्याचं फळ कुणी तोडत नाही, झाडावरच सुकतं. काल एक पडलं ते फोडलं. आत गराला लागून गुलाबी अळ्या आहेत. तुमचं मांडवगडचं फळ भिल्ल कच्चंच उतरवतात, म्हणून तुम्हाला अळी मिळत नसेल. येऊन बघावं.

महूपर्यंत टांगा, महूहून इंदूरपर्यंत आगगाडी, पुढे पुन्हा टांगा, असं करत बळवंतराव देवासला पोचले. मठाच्या म्हाताऱ्या गोसाव्याला त्यांनी हात जोडून फळं मागितली. तो म्हणाला, "यो झाड तो गोरखनाथ बाबा को हे, बाबूजी. तोड़ो मती. नीचे पड्या हे वी ले जाओ." पडलेली फळं मिळाली हे काही थोडं नव्हतं. बापलेकींनी चौदा फळं वेचली.

देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं. थोरली पाती आणि धाकटी पाती. प्रतापरावांचं घर थोरल्या पातीत आणि मागचा मठ धाकट्या पातीत होता. बकुळानं विचारलं, चिठ्ठीवर कुठली पाती लिहायची? बळवंतराव कितीतरी दिवसांनी हसले.

"पतंगाला कुठली आलीय पाती? नुसतं देवास लिही."

फळं परसातल्या पडवीत टोपलीत ठेवली, वर मलमल बांधली. सासूबाईंनी कुरकुर केली नाही. उलट, व्याह्यांचं काम आहे म्हणून मांजरीला पडवीत येऊ देत नसत. बळवंतराव धारेला परतले. दर आठवड्याला बकुळाचं पत्र येऊ लागलं. अळ्या मोठ्या झाल्या. दोन मेल्या, मुंग्या लागल्या होत्या, टोपलीखाली पाण्याची परात ठेवली आहे. सात अळ्यांनी फळाच्या सालीला आतून चिकटून कोश केले आहेत. पत्र वाचून झालं की बळवंतराव ते रुक्मिणीला वाचून दाखवत. त्या दोन महिन्यांत त्या घरात पुष्कळ बोलणं झालं.

फाल्गुनात देवासला उंदीर मरू लागले.

प्रतापरावांचं पत्र आलं ते घाईत लिहिलेलं होतं. गावात प्लेग आहे. लोक माळावर झोपड्या बांधून राहायला निघालेत. आईला उज्जैनला मामांकडे पोचवलं. मला शाळा बंद करून घरोघरच्या याद्या करायचं काम दिलंय, सोडून जाता येत नाही. तुम्ही येऊन बकुळाला धारेला घेऊन जावं.

बळवंतरावांनी तीन दिवसांची रजा घेतली आणि निघाले. पोचले तेव्हा दुपार होती. अर्धी गल्ली कुलुपं लावून गेली होती. बकुळानं दार उघडलं, पायांवर पाणी घातलं, आणि त्यांचं पाणी पिऊन होतंय न होतंय तोच त्यांना पडवीत नेलं. तिचं सामान बांधून तयार होतं. जाजमाची वळकटी आणि एक ट्रंक. ते त्यांनी पाहिलं.

तिनं मलमल सोडली. फोडलेल्या सालींच्या आत कोश होते. आठ दिवसांपूर्वी ते पिवळे होते, आता काळपट झाले होते. एकाच्या पातळ कवचातून तर आतली तिरपी रेघही पुसट दिसत होती. साहेबांकडे असे कोश बळवंतरावांनी शेकड्यांनी पाहिले होते. चार दिवस, फार तर आठ. आणि अशा वेळी ते हलवले, टांग्यात, आगगाडीत आदळले, तर पतंग निघतात ते मुडद्यासारखे, पंख न उलगडलेले. त्यांच्यावरून काही ओळखता येत नाही.

हे बकुळालाही ठाऊक होतं. तिला त्यांनीच सांगितलं होतं.

दोघं टोपलीशी उकिडवे बसून राहिले. बळवंतराव काही बोलले नाहीत. चल, टोपली राहू दे, एवढं म्हणायचं होतं. ते त्यांच्या जिभेवर आलंही असेल. पण डोळ्यांपुढे ती सनदांची खोली होती, आणि पुढचं वर्ष, आणि त्याच्या पुढचं वर्ष. ते टोपलीकडेच बघत राहिले.

"मी थांबते, बाबा," बकुळा म्हणाली. "आठ दिवसांचं तर आहे. मग हे आणून सोडतील मला."

बळवंतराव म्हणाले, "बरं."

संध्याकाळी प्रतापराव आले. त्यांना ते आवडलं नाही, हे दिसत होतं. पण सासऱ्यांपुढे ते बोलले नाहीत. शेजार रिकामा झाला आहे, म्हणजे उलट धोका कमी, असं बकुळाच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बळवंतराव एकटेच टांग्यात बसले.

धारेला रुक्मिणी दारातच उभी होती. तिनं टांग्यात वाकून पाहिलं.

"बकुळा कुठंय?"

"आठ दिवसांनी येतेय. तिचं थोडं काम राहिलंय."

रुक्मिणीनं कसलं काम ते विचारलं नाही.

अकराव्या दिवशी तार आली. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. घर होतं तसं चाललं. चूल पेटत होती, बळवंतराव दफ्तरात जात होते, आवक पत्रांवर आकडा घालत होते. रुक्मिणी रडली ती एकटी रडली. ते जवळ गेले की ती उठून काही तरी कामाला लागे.

महिन्याभरानं प्रतापराव आले. अंगानं अर्धे झाले होते. त्यांनी फडक्यात बांधलेली एक लाकडी पेटी आणली होती, गुडघ्यांवर धरून, धक्का लागू न देता. ती बळवंतरावांच्या हाती दिली आणि म्हणाले, हे तिनं तुम्हाला द्यायला सांगितलं होतं. मग ते आत माईंजवळ जाऊन बसले. त्यांचं काय बोलणं झालं ते बळवंतरावांना ऐकू आलं नाही.

त्यांनी पेटी उघडली. आत सात पतंग होते. पंख उलगडलेले, लव जागच्या जागी. एवढं नेटकं टाचलेलं काम साहेबांकडेही क्वचित पाहायला मिळे. सहांच्या टाचणीवर चिठ्ठी होती. 'देवास. गोरखचिंचेच्या फळातून. फाल्गुन शुद्ध ९.' दुसरीवर दशमी. तिसरी-चौथीवर एकादशी. पाचवीवर त्रयोदशी. सहाव्या चिठ्ठीवर पौर्णिमा होती, आणि ते अक्षर बकुळाचं आहे हे सांगावं लागलं असतं. ओळ उतरत गेली होती, 'गोरखचिंचेच्या'मधला अनुस्वार घसरून अक्षराच्या खाली पडला होता.

सातव्याला चिठ्ठी नव्हती.

सहा चिठ्ठ्यांच्या खाली, त्याच टाचण्यांवर, बळवंतरावांनी तोच मजकूर इंग्रजीत लिहून दुसऱ्या चिठ्ठ्या ओवल्या. तिच्या काढल्या नाहीत. सातव्यापाशी ते फार वेळ बसले. तो त्याच झाडाचा होता, त्याच टोपलीतला, यात कसलीच शंका नव्हती. पण तो कोणत्या दिवशी निघाला, ते त्यांना माहीत नव्हतं आणि आता कुणालाच माहीत होणार नव्हतं. त्यांनी तो पेटीतून काढून वेगळा ठेवला. सहा पतंग, सोबत हकीगतीचं पत्र, असं करून पेटी विलायतेला गेली.

पावसाळा गेला, दसरा गेला. मार्गशीर्षात उत्तर आलं. गोपाळरावांनी ते स्वतः मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळ्या कारकुनांना बोलावून. त्या विद्वानानं लिहिलं होतं की पूर्वीच्या तीन पतंगांत एकही नर नव्हता. आता आलेल्या सहांत दोन नर आहेत, आणि त्यांच्या मागच्या पायावरची लव व पंखांच्या शिरा आफ्रिकेतल्या पतंगापेक्षा स्पष्ट वेगळ्या आहेत. तेव्हा हा आफ्रिकेतला पतंगच नव्हे. ही आजवर कुठेच नोंद नसलेली, निराळी जात आहे. चिठ्ठ्यांविषयीचा आपला मागील शेरा आपण खेदपूर्वक मागे घेतो. आढळ असा छापण्यात येईल: मध्य हिंदुस्थान, धार, देवास.

शेवटी आणखी एक परिच्छेद होता. हे सहा पतंग ज्या बाईंनी वाढवले त्यांच्या कामाइतकं काळजीचं काम आपण थोडं पाहिलं आहे. त्यांची हरकत नसेल तर या जातीला त्यांचं नाव द्यावं अशी इच्छा आहे. कृपा करून नाव कळवावं.

गोपाळरावांनी पत्राची घडी केली. "उद्यापासून सनदांकडे या," ते हळूच म्हणाले, आणि बळवंतरावांनी मान खाली घातली.

घरी येऊन त्यांनी पत्र रुक्मिणीला मराठीत वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. वाचून झाल्यावर ते तसेच भिंतीला टेकून बसले, आणि मग त्यांनी तिला ते सांगितलं. पडवी, बांधलेलं सामान, काळपट झालेले कोश. ती थांबते म्हणाली आणि आपण काय उत्तर दिलं, ते. आपण एक शब्द बोललो असतो तर ती आली असती, असं ते म्हणाले. सांगताना त्यांचा आवाज सनद वाचतानासारखा सपाट होता, कारण दुसऱ्या आवाजात ते सांगता आलं नसतं.

रुक्मिणीचा हात थांबला नाही.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "प्रतापरावांनी सांगितलं. तापात ती एकच म्हणत होती म्हणे, बाबा चल म्हणत होते, मीच ऐकलं नाही. माईला तसंच सांगा."

बळवंतरावांनी मान वर केली.

"मी तिची आई आहे," रुक्मिणी म्हणाली. "ती खोटं बोलते तेव्हा मला कळतं. तिनं तुम्हाला सोडवलंय. मीही सोडवावं असं मनात आणू नका. माझ्यानं ते होणार नाही."

तिनं सूप उचललं आणि ती आत गेली. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी वाईट वागली नाही. जेवायला वाढी, ताप आला तर काढा देई. पण आपणहून बोलायची ती बंद झाली.

उत्तर लिहायला बळवंतरावांना आठ दिवस लागले. मसुदा त्यांनी तीनदा फाडला. नाव कळवलं तर ते छापलं जाईल, जगातल्या सगळ्या मोठ्या संग्रहालयांत जाईल, आपण मेल्यावरही राहील, हे त्यांना समजत होतं. आणि त्याच कारणानं हात पुढे जात नव्हता. ज्या पतंगापायी ती गेली त्याच्यावर तिचं नाव चढवायचं, आणि मग बापानं त्याकडे बघून समाधान मानायचं, हे त्यांना जमेना. शेवटी त्यांनी लिहिलं की पतंग वाढवणारी माझी मुलगी सौभाग्यवती बकुळा, देवास, ही होती आणि ती आता हयात नाही. तिचं नाव वाढवणारी म्हणून नोंदवावं, कारण ते खरं आहे. जातीला नाव द्यायचं ते झाडावरून द्यावं. त्या विद्वानानं तसंच केलं. सहा महिन्यांनी तिकडच्या नियतकालिकाचं छापील पान आलं. त्यावर बारीक अक्षरांत तिचं नाव होतं, त्यात एक अक्षर चुकलं होतं. बळवंतरावांनी ती चूक कळवली आणि ती पुढच्या अंकात दुरुस्त झाली.

वर्षश्राद्ध झाल्यावर प्रतापरावांनी पत्र लिहून दुसऱ्या लग्नाची परवानगी मागितली. आई थकली आहे, घरात कुणी नाही. बळवंतरावांनी लगेच होकार कळवला. मुलगी उज्जैनची होती, नाव कुसुमावती, आईवेगळी, मामाकडे वाढलेली. लग्नाला बळवंतराव जाऊन आले. रुक्मिणी गेली नाही. पण तिनं पेटीतून एक नवं लुगडं काढून त्यांच्या वळकटीत ठेवलं.

पुढच्या माघात विलायतेहून पुन्हा पत्र आलं. आणखी काही नमुने, विशेषतः नर, मिळाले तर फार बरं. गोपाळरावांनी आपणहून रजा दिली. बळवंतराव देवासला गेले.

कुसुमावतीनं दार उघडलं आणि वाकून नमस्कार केला. सतरा-अठरा वर्षांची, सावळी, बोलताना अर्धी माळवी बोलणारी मुलगी. प्रतापराव शाळेत होते. सासूबाई आत झोपल्या होत्या. तिनं गूळपाणी आणून ठेवलं आणि दाराला धरून उभी राहिली. तिला काहीतरी सांगायचं होतं.

"बाबा, मी फळं वेचून ठेवलीत," ती म्हणाली. "टोपलीत. वर कपडा बांधलाय. ताईंचं ह्यांनी सगळं सांगितलं मला. तुम्ही एक बार दाखवा फक्त, मला पण जमेल ते."

बळवंतराव उठून पडवीत गेले. टोपली त्याच जागी होती, खाली पाण्याची परात. मलमलीची गाठ नीट मारलेली होती. त्यांनी ती सोडली नाही. त्यांच्या शेजारी ती मुलगी उत्सुकतेनं उभी होती, चुकलं तर नाही ना, असं त्यांच्या चेहऱ्यावर शोधत.

"छान बांधलीयस," ते म्हणाले. "आता ही मठात नेऊ. झाडाखाली ओतून येऊ."

तिचा चेहरा उतरला. "मी काही गलत केलं का?"

"नाही, पोरी." त्यांनी टोपली उचलली. "तू माहेरी शेवटची केव्हा गेलीस?"

मामाच्या घराला माहेर म्हणायची तिला सवय नसावी.

"माझ्याबरोबर धारेला चल. चार दिवस राहा, महिना राहा. प्रतापरावांना मी सांगतो."

"आणि विलायतवाल्यांना काय सांगाल?"

"यंदा पतंग वाढवले नाहीत म्हणून कळवीन. वाढवलेच नाहीत, तर तेच लिहायचं."

दुसऱ्या दिवशी प्रतापरावांनी दोघांना टांग्यात बसवून दिलं. इंदूरच्या पलीकडे कुसुमावती कधी आली नव्हती. वाटेत लागलेल्या प्रत्येक गावाचं नाव ती विचारत होती आणि बळवंतराव सांगत होते.

धारेला पोचले तेव्हा दुपार कलली होती. रुक्मिणीला काही कळवलेलं नव्हतं. तिनं दार उघडलं, आणि टांग्यातून उतरणाऱ्या मुलीच्या अंगावरचं लुगडं तिनं ओळखलं. ती आत गेली आणि भाकरतुकडा व पाण्याचा तांब्या घेऊन आली. मुलीवरून ओवाळून तुकडा लांब टाकला, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि तिचा हात धरून तिला उंबऱ्याच्या आत घेतलं.

बळवंतरावांनी टांगेवाल्याला निरोप दिला, ट्रंक उचलून दाराशी ठेवली, आणि ते ओट्यावर बसले. आत रुक्मिणी तिला विचारत होती, तिखट चालतं का, झोपायला कुठे बरं वाटेल, केसांना तेल कधी लावलंयस. ती मुलगी हळू आवाजात एकेकाचं उत्तर देत होती. मग बांगड्यांचा आणि भांड्यांचा आवाज येऊ लागला. उन्हं ओट्यावरून सरकून अंगणात गेली, तरी बळवंतराव तिथंच होते. त्यांना आत या असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्यांची तशी अपेक्षाही नव्हती.